फाटक्या कोपऱ्याचं कार्ड

केवलराम मास्तराच्या डाव्या हाताला एक खोड लागली होती, आणि हात चालू असताना त्याच्या मालकालाच खबर नसे. उजवा हात लिहीत असायचा, तोंड पोरांकडून पाढे म्हणवून घेत असायचं आणि डावा हात समोरच्या कागदाचा कोपरा चिमटीत धरून हळूच फाडायचा, त्याची गोळी वळायचा आणि सदऱ्याच्या खिशात टाकायचा. हजेरीपटाची पानं सगळीकडून कुरतडल्यासारखी दिसत. डिप्टीसाहेब शाळा तपासायला आले तेव्हा त्यांनी तो पट दोन बोटांत धरून उचलला आणि साऱ्या वर्गासमोर विचारलं, "मास्टरजी, सरकारी रजिस्टर चूहे खा गए क्या?" पोरं हसली. मास्तरही हसला, दुसरं करणार काय? "जी, उंदीर फार झाले आहेत," म्हणाला. साहेबांनी शेऱ्यात लिहिलं की शिक्षक निष्काळजी आहे, शाळेत मांजर पाळावं.

मांजर पाळायला सांगणं सोपं असतं. देवरीपासून बारा मैल आत, जंगलाच्या पोटात हिरडीटोल्याची ती शाळा. खोली एक, वर्ग चार, पोरं सदुसष्ट आणि मास्तर एक. पहिली मोठ्यानं बाराखडी म्हणू लागली की चौथीला भागाकार ऐकू येत नसे, आणि चौथीकडे तोंड केलं की दुसरीत मारामारी जुंपे. शिवाय शाळेच्या ओसरीत डाकघर होतं आणि त्याचा मास्तरही केवलरामच. सरकारचा हिशेब असा, की गावात लिहिता-वाचता येणारा माणूस एकच असेल तर लिहिण्या-वाचण्याची सारी कामं त्याच्याच गळ्यात घालावी. बैल एक आणि नांगर पाच. हिवाळ्यात जनगणना झाली, उन्हाळ्यात देवीची लस टोचणाऱ्याबरोबर जंगलातल्या वस्त्या, टोले पालथे घातले आणि पाठोपाठ आली मतदारांची यादी. देशातलं पहिलं इलेक्शन होतं ते. मास्तर दारोदार जाऊन विचारी, "बाई, तुमचं नाव काय?" बाई पदर ओढून सांगे, "मी बकारामची बायको." परक्या पुरुषाला नाव कशाला सांगायचं? त्यानं तसंच लिहिलं. यादी परत आली. अमक्याची बायको आणि तमक्याची माय चालणार नाही, दीडशे बायांची खरी नावं आठ दिवसांत आणा. दिवाळीची सुट्टी त्या दीडशे बायांच्या दारात गेली.

हे सगळं एक वेळ अंगावर निघालं असतं. अंगमेहनतीला केवलराम भिणारा नव्हता. तळी बांधणाऱ्या कोहळ्यांच्या घरचा तो, त्याच्या आज्यानं आयुष्यभर पाळीवर माती टाकली होती. पण एका कामानं त्याचं काळीज पोखरलं होतं. मरणाची कार्डं.

त्या मुलखात मरणाची खबर देणाऱ्या कार्डाचा एक कोपरा फाडून टाकायची रीत. अडाणी माणसालाही बघताक्षणी कळावं म्हणून. असं कार्ड कुणी हातात देत नाही, घरात नेत नाही. अंगणाबाहेर दगडाखाली ठेवायचं, तिथंच कुणाकडून तरी वाचून घ्यायचं आणि मग तळ्यात सोडून द्यायचं. हिरडीटोल्यात आणि भोवतालच्या सहा टोल्यांत वाचणारा कोण, तर मास्तर. थैलीतून फाटक्या कोपऱ्याचं कार्ड निघालं की केवलराम पोरांना "गुणाकार करा" सांगून बाहेर पडे. झाडाखाली बायामाणसं उकिडवी बसलेली असत. त्यांच्या तोंडाकडे न बघता तो वाची. कुणाचा बाप गेलेला, कुणाची पहिल्या बाळंतपणाला गेलेली लेक. रडणं सुरू झालं की तिथं थांबायचं, पाणी मागवायचं, "सबूर करा" म्हणायचं, आणि परत येऊन सदुसष्ट पोरांसमोर हसऱ्या तोंडानं उभं राहायचं. त्या एका वर्षात त्यानं एकतीस मरणं वाचली. त्याला आकडा पाठ होता.

आणि इकडे त्याची स्वतःची माय मरायला टेकली होती.

सौंदडच्या ठेसनापासून कोसभर आत त्याचं गाव. मोठा भाऊ उमराव शेती पाही आणि माय धुरपताबाई त्याच्याच घरी होती. मास्तराची बायको चंद्रकांताही तिथंच राहून सासूचं हगणंमुतणं काढत होती, कारण हिरडीटोल्यात मास्तराला राहायला जागा म्हणजे शाळेचाच एक कोपरा. दसऱ्यापासून धुरपताबाईच्या पायांना सूज होती, ती पोटापर्यंत चढली होती. वैद्यानं दिवाळीला सांगितलं होतं की पंधरा दिवस काढले तर खूप. तिनं दोन महिने काढले. उमरावची कार्डं सौंदडच्या मास्तराच्या हस्ताक्षरात येत, आणि प्रत्येकात एक वाक्य ठरलेलं असे: माय म्हणते, केवलचं तोंड पाहिल्याबिगर मी जात नाही. तिनं आपली बाज ओसरीत वाटेकडे तोंड करून टाकायला लावली होती. डोकीवर मातीच्या टोपल्या वाहून तिनं या पोराला मास्तरकीच्या नार्मल स्कूलपर्यंत शिकवला होता. तोंड बघायचा हक्क तिला होताच.

केवलरामनं रजेचा अर्ज केला. उत्तर आलं, बदली माणूस द्या. दुसरा केला. उत्तर आलं, इलेक्शनची कामं संपेपर्यंत कुणालाही रजा नाही, विनापरवानगी गाव सोडल्यास नोकरी जाईल. नोकरी गेली तर उमरावच्या धानाच्या चार बांध्यांवर दोन घरं जगणार नव्हती, हे मायलाही ठाऊक होतं. तिसरा अर्ज त्यानं असा लिहिला की वाचून दगडाला पाझर फुटावा.

तिसरीच्या वर्गात रुख्मा नावाची आठ वर्षांची पोर होती. बकारामची लेक. साऱ्या शाळेत दुसरीच्या वर गेलेली ती एकटीच मुलगी. तिला शाळेत आणायला मास्तर चार वेळा बकारामच्या दारी गेला होता. ती मास्तराच्या टेबलाशी लागूनच बसे, आणि त्याच्या डाव्या हाताची खोड तिला एकटीला माहीत होती. हात कोपऱ्याकडे गेला की ती पाटीवरून मान वर न करता म्हणे, "गुर्जी, तुमचा हात!" मास्तर दचकून हात मागे घेई. दिवसातून दहा वेळा हे चाले, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नसे.

तिसऱ्या अर्जाचं उत्तर आलं त्या दिवशी थैलीत फाटक्या कोपऱ्याची दोन कार्डं होती. एक वाचून झालं, रडणं झालं. दुसरं वाचून झालं. मग त्यानं आपला लिफाफा फोडला. अर्ज नामंजूर. तो वर्गात आला. पहिली बोंबलत होती. रुख्मानं पाटी पुढे केली आणि विचारलं, "गुर्जी, हातचा एक कोठी मांडू?" त्यानं सांगितलं. तिला कळलं नाही, तिनं पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा सांगितलं. तिनं तिसऱ्यांदा विचारलं.

त्याचा हात कधी उठला हे त्यालाही कळलं नाही. पोर भेलकांडून भिंतीवर आपटली. कानातून रक्ताची बारीक धार आली, आणि तिच्या परकराखालची जमीन ओली झाली. ती रडली नाही. साऱ्या शाळेत टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता झाली. दोन वर्षांत पहिल्यांदाच. रुख्मानं पाटी उचलली, मास्तराकडे पाठ न करता उलट्या पावलांनी दारापर्यंत गेली आणि मग पळाली.

संध्याकाळी बकाराम आला. मास्तराला वाटलं, हा आता दोन ठेवून देईल तर बरं. पण बकाराम ओसरीखालीच उभा राहिला.

"गुर्जी, तुमी आपले मानूस म्हनून धाडली होती पोरीले," तो म्हणाला. "मार तं तिले घरी बी भेटते. त्याच्यासाठी इतक्या लांब कायले धाडाची?"

"चुकलं माझं बकाराम," मास्तर म्हणाला. "उद्या पाठव. पुन्हा हात लावणार नाही."

"नाई येत म्हनते."

मास्तर स्वतः गेला तेव्हा रुख्मा धानाच्या कोठीमागे लपून बसली. त्याला फक्त तिची पावलं दिसली. परतताना नाल्याच्या काठावर बसून तो रडला. आपण मास्तर राहिलो नाही, हे त्याला त्या दिवशी नीट समजलं. नंतर टेबलाजवळची तिची जागा रिकामीच राहिली. तिथं दुसऱ्या कुणाला बसवावं, असं त्याच्या मनात आलं नाही.

मग इलेक्शन आलं. शाळेतच मतदान झालं. बैलबंड्यांमधून पेट्या आल्या, साहेब आले, शिपाई आले. त्यांच्या चहापाण्यापासून शाईपर्यंत सगळं मास्तराच्या जिवावर. तीन दिवस त्याची पाठ जमिनीला टेकली नाही. पण काम नीट पार पडलं, एक पेटी इकडची तिकडे झाली नाही. डिप्टीसाहेब खूश झाले. सोमवारी सकाळी जीपमध्ये बसता बसता त्यांनी मास्तराचा मळका अर्ज मांडीवर ठेवून त्यावर सही ठोकली. "जाइए मास्टरजी, शनिचर से आठ दिन. माँ को हमारा नमस्ते कहिए." साहेब वाईट माणूस नव्हता. त्याच्याही वर साहेब होते.

मास्तराला एकदम अंगात वारं शिरल्यासारखं झालं. शनिवारी दुपारी सौंदड, संध्याकाळी माय! त्यानं लगेच कार्ड काढलं. दारात डाकवाला गोवर्धन खांद्यावर थैली टाकून घाई करत होता.

"चाला ना गा मास्तर! दिवस बुडाच्या आंधी नाल्यापार जाचं आहे मले. वाघ का तुमच्या कार्डासाठी थांबून राहीन का?"

"हे एवढं घेऊन जा, दोन ओळी."

पहिली ओरडत होती. चौथीतली पोरं रिकाम्या मतपेटीवर तबला वाजवत होती. मास्तर लिहू लागला. "दादास सा. नमस्कार. रजा मंजूर झाली. शनिवारी दुपारच्या मोटारीनं निघून येतो. मायला सांगा, आता सुटलो. वाट पाहा म्हणावं." पलटून पत्ता लिहिला, पोरांवर एकदा ओरडला, शिक्का मारला. उजव्या हाताचं काम झालं. डाव्या हातानंही तोवर आपलं काम केलं होतं. "गुर्जी, तुमचा हात!" म्हणणारं टेबलाजवळ कुणी नव्हतं. ज्या माणसानं वर्षभरात एकतीस फाटके कोपरे वाचले होते, त्यानं बत्तिसावं कार्ड आपल्याच हातानं फाडलं, गोळी खिशात टाकली आणि कार्ड न बघता गोवर्धनच्या थैलीत सारलं. गोवर्धन घाईत होता. तो निघून गेला.

शनिवारी दुपारी मोटार सौंदडला थांबली तेव्हा केवलरामच्या हातात एक पिशवी होती. मायसाठी मोहाच्या जंगलातला मध, चंद्रकांतासाठी हिरव्या काचेच्या डझनभर बांगड्या. देवरीच्या बाजारात बांगड्या घेताना त्याला नव्या नवरदेवासारखी लाज वाटली होती. तो खाली उतरला. मोटारीत चढायला एक माणूस पुढे आला. डोकं नुकतंच भादरलेलं, अंगावर कोरं धोतर, काखेत लाल फडक्यानं तोंड बांधलेलं एक लहान गाडगं.

तो उमराव होता.

उमरावनं त्याला पाहिलं आणि त्याच्या काखेतलं गाडगं खाली पडून फुटलं. तो दोन पावलं मागे सरला. मोटारीच्या पत्र्याला पाठ लागली तसा तिथंच खाली बसला.

"दादा," केवलराम म्हणाला, "डोकं काऊन भादरलं? माय?"

उमरावनं हात पुढे करून त्याच्या पायाला, मग गुडघ्याला हात लावून पाहिला. "तूच आहेस का गा?" तो म्हणाला. "केवल? तुही हाडं आनाले निंगालो होतो मी."

मोटार निघून गेली. दोघं भाऊ वाटेवर बसले आणि उमरावनं तुटक तुटक सांगितलं. बुधवारी सौंदडचा बाजार. त्यांच्या गावची डाक नेहमीप्रमाणे कोतवाल हिरालालच्या हाती दिली गेली. कार्ड वाचून द्यायला सौंदडचा मास्तर शाळेत नव्हता. इकडचं मतदान अजून व्हायचं होतं आणि त्यालाही कामाला जुंपलेलं. डाक वाटणाऱ्यानं फाटकं कार्ड न पलटता नुसता पत्ता पाहून सांगितलं, उमरावच्या घरचं आहे, देवरीकडून आलं. हिरालालला अक्षर येत नव्हतं, पण कोपरा दिसत होता. त्यानं रीतीप्रमाणे कार्ड अंगणाबाहेर दगडाखाली ठेवलं आणि आत पाऊल न टाकता मान खाली घालून निघून गेला. देवरीकडे त्या घरचं एकच माणूस होतं.

"माय वाटकडंच पाहून राहिली होती," उमराव म्हणाला. "हिरालालले तिनं पायलं. मी खऱ्यावर धान मळून राहिलो होतो. येऊन पायतो तं तिनं भिंतीकडं तोंड केलं होतं. पानी देल्लं, घेतलं नाई. बोलली नाई. सकायी गेली."

केवलरामनं मधाची पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"काल राख सावडली. म्हटलं आता धाकट्याची आनावी." उमरावला हुंदका फुटला, आणि हुंदक्याबरोबरच रागही वर आला. "कोन्या हरामखोरानं फाडला असंल थो कोपरा? डाकेतल्या? कोनाचं काय बिघडवलं होतं मायनं? हात झडो त्याचा!"

केवलरामचा डावा हात खिशात होता. खिशात कागदाच्या गोळ्या होत्या, पुष्कळ, आठवड्याच्या. त्यातली एक जाड होती. बाकीच्या हजेरीपटाच्या पातळ कागदाच्या. ही कार्डाच्या पुठ्ठ्याची होती. ती बोटांना लागली आणि त्याला पायापासून डोक्यापर्यंत सगळं समजलं. सांगायला त्यानं तोंड उघडलं. समोर थोरल्या भावाचं भादरलेलं डोकं होतं, आणि धुळीत त्या गाडग्याच्या खापऱ्या.

"डाकेत फाटला असेल," तो म्हणाला.

घरी पोचेपर्यंत सारं गाव वाटेवर आलं होतं. एका बाईनं त्याला पाहून डोकीवरचं पाणी टाकलं आणि पळाली. म्हाताऱ्यांनी त्याची बोटं चाचपून पाहिली. हिरालाल कोतवाल दोन्ही हात जोडून उभा होता आणि एकच वाक्य घोकत होता, "मले का मालूम गा, मले का मालूम." कुणीतरी केवलरामची पाठ थोपटून म्हणालं, "खोटी खबर आली तं आयुष्य वाढते मानसाचं. तुयं वाढलं बापा." ओसरीतली बाज उभी करून भिंतीला टेकवलेली होती.

चंद्रकांता लगेच पुढे आली नाही. तिच्या बांगड्या बुधवारीच फोडल्या होत्या. नवरा जिवंत परत आला आहे, त्याच्यापुढे भुंड्या हातांनी जायचं नाही म्हणून बायकांनी तिला कोंडून ठेवलं, कुंकू लावलं, आणि एका जाड्या शेजारणीच्या दोन बांगड्या तिच्या हातांत चढवल्या. त्या सैल बांगड्या कोपरापर्यंत मागे सारून ती बाहेर आली आणि त्याच्याकडे बघत राहिली. त्यानं पिशवीतल्या हिरव्या बांगड्या काढल्या नाहीत. सुतकात त्या काढायच्या कशा?

दगडाखालचं कार्ड अजून तिथंच होतं. मायच्या धांदलीत ते तळ्यात सोडायचं राहून गेलं होतं. "वाच बापा," लोक म्हणाले, "काय लिवलं आहे सांग तं खरं." मास्तरानं ते उचललं. आयुष्यभर दुसऱ्यांची कार्डं वाचली, तसंच आपलं वाचलं. मायला सांगा, आता सुटलो. वाट पाहा म्हणावं. बाया ढसढसा रडल्या. सवयीनं त्याच्या तोंडून "सबूर करा" निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. दहाव्याला, तेरवीला सगेसोयरे बोलवायचे तर धुरपताबाई गेल्याची खबर बारा गावांना धाडायला हवी होती. घरात लिहिणारा एकटा केवलराम. उमरावनं सौंदडवरून बारा कोरी कार्डं आणून त्याच्यापुढे ठेवली.

"तू नुसता लिव," तो म्हणाला. "कोपरे मी फाडीन. अग्नी देनाऱ्यानंच फाडावं म्हनते."

अंगणात हिरालाल कार्डं न्यायला येऊन बसला होता. चंद्रकांता दाराशी तांदूळ निवडत होती. केवलराम लिहू लागला. कळवण्यास अत्यंत दुःख होते. पहिलं झालं, बाजूला ठेवलं. दुसरं. कालपासून त्याच्या मनात एकच घोळत होतं: सांगावं की न सांगावं. सांगितलं तर दादा पुन्हा तोंड बघणार नाही. न सांगितलं तर हा भार घेऊन पुढच्या सोमवारी त्या पोरांसमोर उभं कसं राहायचं? तिसरं कार्ड झालं, चौथं झालं. धुरपताबाई, वय अंदाजे सत्तर. पाचवं काढलं. त्यानं डोळे पुसले आणि खाली मान घालून एका दमात बाकीची उरकली. शाळेत लिहायचा तसाच, थांबलं तर सगळं अंगावर येईल असा. मग टाक ठेवून बारा कार्डं एकावर एक रचली आणि भावाकडे सरकवली.

उमरावनं वरचं कार्ड उचललं. खालचं उचललं. मग सगळी पत्त्यांसारखी जमिनीवर पसरली.

बाराही कार्डांचे कोपरे फाटलेले होते. नीट, एकसारखे, डावीकडचे.

"मी तं अजून हात नाई लावला," उमराव म्हणाला.

केवलरामनं आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. चिमटीत बाराव्या कार्डाची गोळी अजून वळली जात होती. चंद्रकांतानं सूप बाजूला ठेवलं, उठून त्याच्याजवळ आली, आणि न विचारता त्याच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला. तिनं मूठभर गोळ्या काढून कार्डांशेजारी ठेवल्या. त्या तिथं पडून राहिल्या आणि तिघंही त्यांच्याकडे बघत राहिले.

"केवल," उमराव अगदी हळू म्हणाला, "थे कार्ड..."

"मीच, दादा," केवलराम म्हणाला. "लिहिता लिहिता. मला कळलं नाही. या वर्षात मला काहीच कळेनासं झालं आहे."

उमराव उठला. काल ज्या हाताला शिव्याशाप दिले तो हात त्याच्यासमोर मांडीवर पडला होता. त्यानं कार्डं गोळा केली, अंगणात जाऊन हिरालालच्या पुढ्यात ठेवली, आणि परत आत आला नाही. खऱ्याच्या वाटेनं निघून गेला.

चंद्रकांता तिथंच बसून होती. सैल बांगडी मनगटावरून पंजावर उतरली होती, ती तिनं वर सारली.

"मायनं मले एक इचारलं होतं," ती म्हणाली. "मी कोनाले नाई सांगतलं. हिरालाल गेला, आन माय म्हने, चंद्रकांता, जाऊन पाय व, उंदरानं खाल्लं असंल कार्ड. डाकेत उंदीर रायतेत. नीट पाय. मी दगड उचलून पायलं."

"मग?"

"मी काय खोटं सांगू? कुरतडलेला नोयता थो. मी म्हटलं, नाई माय, मानसानंच फाडला आहे."